चौथ्या ओळीतला देश

समुन पावातून अंब्याचा, म्हणजे कैरीच्या चटणीचा, पिवळा थेंब पेपरवर पडला, तो पुसायला बोट लावलं आणि बोटाखालून कुवेत निघालं. चौथी ओळ. पहिल्या ओळीत इराण, दुसऱ्या ओळीत दक्षिण कोरिया, तिसऱ्या ओळीत सौदी आणि चौथीत कुवेत, शेजारी त्यांचा एवढासा झेंडा आणि पुढच्या रकान्यात 'विजेते: एकदा'. आशिया कप फुटबॉलमध्ये आजवरच्या निकालांवरून कोणता देश कितवा, असा तो तक्ता होता, आणि तो मी केला होता. यात घाबरण्यासारखं काय, असं ज्याला वाटेल तो नव्वद सालच्या सप्टेंबरात बगदादमध्ये नव्हता. कुवेत नावाचा देश ऑगस्टपासून नाही. आपलं सैन्य आत गेलं आणि महिना संपायच्या आत तो आपला एकोणिसावा प्रांत झाला, नकाशे बदलले, रेडिओवर हवामान सांगणारेसुद्धा जीभ सांभाळून बोलायला लागले. आणि मी, उभं आयुष्य क्रीडापानावर घालवलेला माणूस, त्याला झेंड्यासकट परत देशांच्या रांगेत उभा करून बसलो होतो, तोही आपल्यापुढे. आपण बरेच खाली होतो, हिंदुस्थानच्याही खाली. तोंडातला घास गिळवेना आणि थुंकवेना.

"काय झालं अबू नशवान, अंबा जास्त पडला का?" गाडीवाल्या सब्रीने विचारलं. तो वांग्याच्या चकत्या तळत होता आणि त्याचं माझ्याकडे पुरतं लक्षही नव्हतं, तरी मी पेपर झटक्यात मिटला. "छे, छान आहे," मी म्हणालो. "मग तोंड का असं? पेपरात काही वाईट आलंय?" "आपल्या पेपरात वाईट कधी येतं का?" मी म्हणालो, आणि तो हसला, आणि हसून झाल्यावर त्याने डावीउजवीकडे पाहिलं. आमच्या शहरात हसल्यावर असं पाहायची सवयच आहे. सब्रीच्या बाकावर आणखी तिघे बसले होते. एकाच्या मांडीवर माझाच पेपर उघडा होता, पण पहिल्या पानावर. ते पान तो केव्हा उलटेल याची मी वाट बघत राहिलो. त्याने उलटलं नाही, घडी करून बुडाखाली घातलं आणि चहा पिऊ लागला. मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

बसथांब्यापर्यंत जाताना मी स्वतःला सारखं विचारत होतो, की असं झालंच कसं. कारण त्या तक्त्याइतकी काळजी मी माझ्या लग्नातही घेतली नसेल. बीजिंगला आशियाई खेळ चालू होते आणि आपल्याला त्यांत घेतलं नव्हतं, म्हणून ते चालूच नाहीत असं धरायचं, असा आमच्या संपादकांचा, उस्ताद दुरैदांचा हुकूम होता. "पान मोकळं पडलंय, अबू नशवान. इतिहास घाला काहीतरी. इतिहासाला कोण काय बोलणार आहे?" असं ते म्हणाले आणि मला कामाला लावून निघून गेले. इतिहास म्हटला की माझी कळी खुलते, हाच माझा घात. मी बसलो मांडायला आणि पहिल्याच ओळीला घाम फुटला. इराण तीनदा विजेता. आठ वर्षं त्यांच्याशी लढलो, अर्धी गल्ली त्यात गेली, आणि गेल्या महिन्यापासून म्हणे दोस्ती. पण ही दोस्ती पहिल्या ओळीला पुरेल एवढी आहे का, हे कोणाला विचारणार? ठेवलं शेवटी. सौदी दोनदा विजेता, आणि सौदीच्या वाळूत अमेरिकेची फौज उतरलेली. त्यांना कोरियाच्या खाली सरकवायला सबळ कारण शोधलं. चौसष्ट सालचा विजेता, यहुद्यांचा तो देश, तर आपल्याकडे तोंडाने उच्चारायचाही नाही, ती ओळच उडवली. त्यामुळे चौसष्टला हिंदुस्थान दुसरा आला आणि पहिलं कोणीच आलं नाही, असं झालं. उस्ताद दुरैदांनी तेवढंच वाचून विचारलं होतं, "हिंदी लोक फुटबॉल खेळतात?" खेळायचे, म्हटलं. मंत्रालयाकडून पान तपासायला बसणारे आदीबसाहेब, त्यांनी सौदीचा झेंडा इतरांपेक्षा मोठा दिसतोय म्हणून ठसा बदलायला लावला आणि मग सही केली. अशी तीन-तीन माणसं पहिल्या तीन ओळींवर डोळ्यांत तेल घालून बसली, आणि चौथी ओळ आमच्या नाकाखालून निघून गेली. छापखान्याच्या खणात त्यांच्या झेंड्याचा ठसाही जुन्या जागी तसाच पडून होता, तो कोणी काढला नव्हता.

पण हातातून ते नाव सुटलं कसं, ते मला बसमध्ये चढता चढता कळलं, आणि कळल्यावर आणखीच भीती वाटली. आमच्या घरात दिवसभर तेच नाव चालतं. आमचा नशवान तिथे आहे. शिक्षण अर्धं टाकून वर्दी चढवावी लागली आणि ऑगस्टात त्याची तुकडी गेली. लमिआ, माझी बायको, भाजी निवडता निवडता म्हणते, कुवेतमध्ये पाणी खारं असतं का हो? जेवताना म्हणते, कुवेतहून गल्लीतल्या उम्म बरजसचा भाचा सुटीवर आलाय, त्याला विचारून या. मी दर वेळी दार लावून घेतो. "अगं, प्रांत म्हण. एकोणिसावा प्रांत म्हण. भिंतींना कान आहेत." ती म्हणते, "माझा मुलगा प्रांतात नाही, कुवेतमध्ये आहे. प्रांतात असता तर रात्री घरी जेवायला आला असता." आणि तेच नाव ती माझ्या डोक्यात रोज पेरत गेली, आणि परवा कोणता देश कितवा ते लिहिताना हाताने ते मुकाट्याने कागदावर उतरवलं, कुणाच्या मुलाचा पत्ता लिहावा तसं. म्हणजे चौकशी झालीच, आणि हे नाव तुझ्या डोक्यात आलं कुठून असं विचारलंच, तर खरं उत्तर एकच होतं, आणि ते देता येणार नव्हतं.

बसच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी बसलो. समोरच्या बाकावर एक चष्मेवाला गृहस्थ, शिक्षक असावा, पेपर वाचत होता, आणि या वेळी पान माझंच होतं. मला त्याच्या मानेवरून तक्ता दिसत होता. त्याचं बोट वरून खाली येत होतं, आपण कितवे ते शोधत. सगळे आधी तेच शोधतात. बोट चौथ्या ओळीपाशी थांबलं. गृहस्थाने मान वर केली नाही. त्याने हळूच पान उलटलं, मग सगळा पेपर मिटला, मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि बाहेर बघू लागला, आणि पुढच्या थांब्याला उतरला. त्याला तिथे उतरायचं नव्हतं हे मी पैजेवर सांगतो. तिथे उजाड मैदानाखेरीज काही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घाबरलेला मी एकटा नाही. ज्याने ज्याने ती ओळ पाहिली तो आता पाहिल्याचा गुन्हेगार होता. सांगावं तर आधी विचारतील, तुझं लक्ष बरं तिकडेच गेलं? न सांगावं तर विचारतील, पाहूनही गप्प का बसलास? सगळ्या शहरात आज सकाळी माणसं क्रीडापान मिटून खिडकीबाहेर बघत असणार, असं मला वाटलं, आणि क्षणभर धीर आला. पण या शहरात कुठेतरी एक असाही माणूस असतो ज्याला खिडकीबाहेर बघायची गरज पडत नाही. तो धीर पुलापर्यंतही टिकला नाही.

कचेरीत शिरलो तर रेडिओ मोठ्याने लागलेला, लष्करी बँड. उस्ताद दुरैदांच्या खोलीत रेडिओ मोठा झाला की समजायचं, आत काही बोलणं चाललंय. आदीबसाहेब कोपऱ्यात पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसले होते. एरवी हा माणूस आमच्या चुका काढताना किती रंगात येतो. आज त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"दार लावा," उस्ताद म्हणाले. "कोणाशी बोललात?"

"कोणाशी नाही."

"घरी?"

"घरून निघाल्यावर पाहिलं."

"मी पान नीट वाचलंच नव्हतं, असं म्हटलं तर?" आदीबसाहेबांनी विचारलं.

"मग सही कशावर केलीत, हवेवर?" उस्ताद त्यांच्यावर खेकसले, आणि लगेच आवाज उतरवून माझ्याकडे वळले. "दुरुस्ती छापायची का?"

मी म्हटलं, काय छापणार? कालच्या तक्त्यात चौथ्या ओळीत अमुक चुकून पडलं, असंच ना? मग अमुकचं नाव घ्यावं लागेल. न घेता लिहिलं तर ज्यांनी पाहिलं नाही तेही जुना पेपर काढून चौथी ओळ शोधतील. आदीबसाहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. बँड संपला, निवेदक बोलू लागला, आणि तो बोलतोय तोवर आम्ही तिघेही गप्प होतो, जणू तो आमच्याबद्दलच काही सांगणार होता. मग परत बँड लागला आणि उस्ताद दुरैदांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. मला तो उजेड ओळखीचा आहे. माझे लेख ते स्वतःच्या नावाने छापायचं ठरवतात तेव्हा तो पडतो.

"तो प्रांत आपला आहे ना?" ते म्हणाले. "मग त्याने जिंकलेला कप कोणाचा?"

उस्तादांनी टेबलावरच्या पेपरात चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

"आपला. आजचं ते पूर्वीचं चित्र. उद्या आत्ताचं. दोन भागांची मालिका. आज जे चौथे आहेत त्यांचे सगळे निकाल उद्या आपल्या खात्यावर, आणि चौथ्या ओळीत आपण. चूक कुठे आहे? आजचं नसतं तर उद्याचं कळलं कसं असतं लोकांना?"

बोलता बोलता त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत चालला होता. आदीबसाहेब तर रडायच्या बेतात आले, आनंदाने. मलाही, खोटं कशाला बोलू, छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. मी तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर मांडायला बसलो. ऐंशी सालचा विजेता, आपण. चौऱ्याऐंशीला तिसरे, आपण. शहात्तरला दुसरे, आपण. आणि शहात्तरला चौथेही आपणच, कारण ते आपण खरोखरच होतो. लेखणी तिथे थांबली. एकाच स्पर्धेत दुसरे आपण आणि चौथेही आपण. आणि मधली उपांत्य फेरीची मॅच, तेहरानची, जादा वेळेत गेलेली, तीन-दोन, ती आपली आपल्याशीच झाली होती. "उस्ताद, या मॅचचं काय करू?" मी विचारलं. "कोणती मॅच?" ते म्हणाले. "अशी काही मॅच मला आठवत नाही."

मला आठवते. मला ती कोणत्याही मॅचपेक्षा जास्त आठवते. सासऱ्यांच्या अंगणात रेडिओभोवती सगळी बसली होती, चुलतभाऊ, शेजारी, पलीकडचा न्हावी, आणि नशवान माझ्या मांडीवर. सहा वर्षांचा होता. प्रत्येक गोलला तो माझ्या तोंडाकडे बघायचा, हसायचं की रडायचं ते ठरवायला. दोन-दोन झाले आणि वेळ वाढवला तेव्हा त्याचे डोळे मिटायला लागले. डोकं माझ्या दंडावर, केसांना त्या साबणाचा वास, लमिआ वापरते तो लॉरेलच्या तेलाचा. तिसरा गोल त्यांनी केला. अंगणात कोणी हललं नाही. सासऱ्यांनी रेडिओ बंद केला आणि त्या शांततेने नशवान जागा झाला आणि म्हणाला, "बाबा, कोण जिंकलं?" मी म्हणालो, "आपण." एवढंच. अर्धवट झोपेतलं पोर, त्याला कशाला रडवा. तो हसला आणि परत झोपला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तो शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. आपण जिंकलो म्हणून भांडत राहिला होता. त्याने मला जाब विचारला नाही. फक्त त्यानंतर रेडिओ ऐकताना तो माझ्या तोंडाकडे बघेनासा झाला. ऑगस्टात ट्रकमध्ये चढतानाही त्याने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. वरून, मंत्रालयातून होता. उस्ताद दुरैद उभे राहिले. वरून फोन आला की ते बसून बोलत नाहीत. "हो साहेब. पाहिलंत ना. हो, हो, मुद्दाम साहेब. मालिका आहे. उद्या दुसरा भाग." मग बराच वेळ ते नुसतं ऐकत राहिले. त्यांचा मोकळा हात रेडिओकडे गेला आणि त्यांनी बँड बंद केला, त्यामुळे पलीकडचा आवाज आम्हालाही पुसट ऐकू येऊ लागला, शब्द नाही, नुसता सूर, अगदी सौम्य. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कल्पना? कल्पना आमच्या हिकमतसाहेबांची. अबू नशवान. नाही, माझी नाही साहेब, मी आपला नावाचा संपादक. दोन्ही भाग त्यांचेच." फोन ठेवून त्यांनी रुमालाने मान पुसली. "खूश आहेत," ते म्हणाले. "तुम्हाला भेटायचंय त्यांना. बक्षीस देतील बहुतेक. उद्या सकाळी गाडी येईल घरी." इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्या एका ओळीचं श्रेय मला दिलं नव्हतं. "अभिनंदन," आदीबसाहेब म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं.

दुपारीच घरी आलो. लमिआने ताट वाढलं, रेशनचा जाडा भात आणि भेंडीचा रस्सा, आणि मी जेवता जेवता, जशी एखादी चांगली बातमी सांगावी तसं तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. तक्त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. "गाडी कशाला पाठवतात?" ती म्हणाली. "तुम्ही बसने जाता की." मी म्हटलं, मान देतात, बक्षीस असेल. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली, आणि पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग डांबराच्या गोळ्यांचा वास. बाहेर आली ती माझा तपकिरी लोकरी स्वेटर घेऊन. त्या दिवशी ऊन असं होतं की अंगणातली नळाची तोटी हात लावू देत नव्हती.

"हे काय, वेडी झालीस का?"

"असू दे हातात."

"अगं, सप्टेंबर आहे."

"सप्टेंबरच चालू राहणार आहे का?" ती म्हणाली, आणि मग मला तिच्याकडे बघवलं नाही. आमच्या गल्लीतल्या उम्म बरजसच्या नवऱ्याला गेल्या वर्षी मे महिन्यात नेलं होतं, दोन प्रश्न विचारायचेत म्हणून. त्या बाईला नवऱ्याचं वय विसरायला होतं, पण ती दारात आली की एवढं म्हटल्याशिवाय जात नाही, की अंगात नुसता अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता हो. गल्लीतल्या बायका याबद्दल एकमेकींशी काही बोलत नाहीत, पण प्रत्येकीने पेटीत एक स्वेटर वर काढून ठेवलेला आहे.

सकाळी गाडी आली. दोघे होते. चालवणारा जागचा उठला नाही. दुसरा, तिशीचा, दाट मिशीचा, खाली उतरून मला दार उघडून देता झाला आणि दारात उभ्या लमिआला त्याने मान लववून सलाम केला. "काळजी नको, उम्म नशवान, दुपारी आणून सोडतो." तिचं नाव त्याला कोणी सांगितलं होतं? तिने स्वेटर माझ्या हातात दिला. मी घेतला. मागच्या सीटवर आजचा पेपर पडला होता, क्रीडापान वर. चौथ्या ओळीत आपण होतो, झेंडा ठसठशीत, 'विजेते: एकदा'. छपाई सुंदर आली होती. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ पान निघालं नव्हतं.

गाडी सुटली. काचा वर होत्या आणि आत भट्टी झाली होती. मी स्वेटर मांडीवर ठेवला, मग शेजारी ठेवला, मग परत मांडीवर घेतला. मिशीवाला मागे वळला, एक हात सीटच्या पाठीवर टाकून, गप्पा मारायला बसतो तसा.

"फुटबॉलचं मला भारी वेड होतं, अबू नशवान. तुमचं पान मी लहानपणापासून वाचतो."

"मेहेरबानी," मी म्हणालो.

"एक विचारू? कालपासून डोक्यात आहे. शहात्तरची ती तेहरानची मॅच. उपांत्य फेरी. आमच्या वडिलांनी त्या दिवशी रेडिओ फोडला होता, म्हणून शेवट कळलाच नाही मला नीट." त्याचा चेहरा अगदी साधा होता, खरंच जाणून घ्यायचंय की काय असं वाटावं असा. "कोण जिंकलं?"

समोरच्या काचेतून पूल दिसत होता. मंत्रालयाला जायचं तर पुलावरून, डावीकडे. ते हरले म्हणावं तर पेपरात छापलेलं दुसरं स्थान खोटं. ते जिंकले म्हणावं तर ते कोण? माझ्या जिभेवर दुसरं उत्तरच आलं नाही. जे एकदा त्या अंगणात दिलं होतं तेच होतं माझ्याकडे.

"आपण," मी म्हणालो.

तो हसला, मान हलवली आणि पुढे वळून बसला. चालवणाऱ्याने वेग कमी केला नाही. पूल डाव्या हाताला आला आणि मागे पडला. मी स्वेटर उलगडला, आणि सीटवर अवघडून, एक एक बाही करत अंगात घातला.